वाचकांची पत्रे : इजिप्तची सहल उन्हाच्या वेळापत्रकाने

गिझा येथील नव्या भव्य वस्तुसंग्रहालयाचे नोव्हेंबर २०२५ मध्ये औपचारिक उद्घाटन झाल्यापासून या सदराकडे इजिप्तविषयी बरीच पत्रे येत आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे या अंकात दिली आहेत. अनेक पत्रलेखकांनी आपापला नियोजित कार्यक्रमही सोबत जोडला आहे आणि जवळजवळ प्रत्येकात एकच उणीव दिसते : स्थळांची यादी आधी झाली आहे आणि उन्हाचा विचार नंतर, किंवा झालेलाच नाही. कैरोच्या दक्षिणेस गेल्यावर हा क्रम उलटा करावा लागतो. कोणत्या घटकेला कोठे उभे राहणे सुसह्य आहे हे आधी ठरवावे आणि त्यात जेवढी स्थळे बसतील तेवढीच पाहावीत. पुढील बहुतेक उत्तरांचा रोख हाच आहे.

प्रश्न : मुलांच्या शाळेमुळे आम्हाला मे महिन्यातच सलग दहा दिवस मिळतात. मुले अकरा आणि चौदा वर्षांची आहेत. मे महिन्यात इजिप्तला जाणे योग्य ठरेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दिवाळीच्या सुटीत जाणे शक्य असेल तर मे महिन्याचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात लक्सर आणि अस्वान येथे दिवसाचे तापमान साधारण २३ ते ३० अंशांच्या दरम्यान राहते आणि जानेवारीत रात्री ते १० अंशांच्याही खाली उतरते. वाळवंटी देश म्हणून केवळ सुती कपडे घेऊन गेलेली मंडळी पहाटेच्या बोटीत कुडकुडताना दिसतात ती यामुळेच. मे महिन्यात मात्र याच दोन शहरांत पारा ४० अंशांच्या आसपास असतो. शिवाय मार्च ते मे हा ‘खमसीन’ वाऱ्यांचा काळ आहे. हा वाळवंटातून येणारा कोरडा, धुळीने भरलेला वारा सुटला की काही तासांत हवा तापते, समोरचे दिसेनासे होते आणि कधी कधी विमानेही खोळंबतात.

तरीही मे महिन्यावाचून गत्यंतर नसेल तर सहलीचा आकार बदलावा लागेल. कैरोत त्या महिन्यात दुपारचे तापमान सरासरी ३२ अंशांच्या घरात असते आणि भूमध्य समुद्राकाठचे अलेक्झांड्रिया त्याहून थंड असते. म्हणून दहापैकी सहा-सात दिवस या दोन शहरांत घालवावेत, लक्सरला तीनच रात्री ठेवाव्यात आणि अस्वान व अबू सिंबेल पुढच्या खेपेसाठी राखून ठेवावे. लक्सरमध्येही स्थळांची निवड छप्पर पाहून करावी. हे वाचून आपल्याला नवल वाटेल, परंतु मुद्दा अगदी व्यावहारिक आहे. लक्सरमधील कर्नाक मंदिराच्या प्रसिद्ध स्तंभमंडपात १३४ खांब उभे आहेत, मात्र वरचे छत आज जवळजवळ उरलेले नाही. याउलट टॉलेमी राजांच्या आणि रोमनांच्या काळात बांधलेली मंदिरे वयाने बरीच लहान असल्यामुळे त्यांची छते टिकून आहेत. लक्सरच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरवर असलेले डेंडेरा येथील हाथोर देवीचे मंदिर, दक्षिणेस एस्ना येथील ख्नूम देवाचा सभामंडप आणि त्याही पुढे एडफू येथील होरसचे मंदिर ही तिन्ही ठिकाणे भर उन्हाच्या महिन्यातही आतून पाहता येतात. डेंडेरा आणि एस्ना येथील छतांवरची काजळी अलीकडच्या काळात काढल्यामुळे मूळचे निळे-पिवळे रंग आता स्पष्ट दिसतात. चौदा वर्षांच्या मुलाला कर्नाकपेक्षा डेंडेरा अधिक आवडण्याची शक्यता आहे, कारण तेथे गच्चीवर चढता येते, भिंतींच्या पोटातील चोरखोल्यांत उतरता येते आणि छतावर राशिचक्र शोधता येते. त्यातील प्रसिद्ध वर्तुळाकार राशिचक्राची तेथे प्रतिकृती आहे. मूळ शिळा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

मे महिन्याचा एक फायदाही सांगितला पाहिजे. हा बिगरहंगामाचा काळ असल्यामुळे हॉटेलांचे दर उतरलेले असतात आणि स्थळांवर गर्दीही कमी असते. नाताळच्या आठवड्यात एखाद्या थडग्याच्या तोंडाशी लागणारी रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याची किंमत कळेल.

प्रश्न : सहल कंपनीने दिलेल्या कार्यक्रमात लक्सरच्या एकाच दिवसात राजांची दरी, हॅटशेपसूतचे मंदिर, मेमनॉनचे पुतळे, कर्नाक आणि लक्सर मंदिर अशी पाच स्थळे आहेत. निघण्याची वेळ सकाळी नऊची आहे. आम्ही दोघे निवृत्त आहोत. हा कार्यक्रम झेपण्यासारखा आहे का?
– एक निवृत्त शिक्षक, सोलापूर

उत्तर : झेपेल, परंतु काही दिसणार नाही. नऊ वाजता निघून नाईल ओलांडून किंवा पुलाने वळसा घालून पश्चिम तीरावर पोहोचेपर्यंत दहा वाजतात. त्यानंतरचे चार तास म्हणजे नेमके उन्हाचे तास, आणि ते आपण सावलीचे झाड नसलेल्या चुनखडीच्या दरीत काढणार. याच वेळी लाल समुद्रावरील हुर्घाडाहून एका दिवसासाठी आलेल्या पर्यटकांच्या बसही दरीत पोहोचतात, त्यामुळे ऊन आणि गर्दी यांची गाठ पडते.

राजांची दरी सकाळी सहा वाजता उघडते. कंपनीशी बोलून निघण्याची वेळ साडेपाचची करून घ्यावी आणि न्याहारी हॉटेलमधून बांधून घ्यावी. सहल कंपन्या प्रथम कुरकुर करतात, परंतु गटातील चार-सहा जणांनी मिळून आग्रह धरला तर तयार होतात. दरीच्या सर्वसाधारण तिकिटात तीन थडगी पाहता येतात, तर तुतनखामुन, रामसेस सहावा आणि सेती पहिला यांच्या थडग्यांसाठी वेगवेगळी तिकिटे घ्यावी लागतात. तीन थडगी नीट पाहिली तर दोन तास पुरतात. एक गैरसमज येथेच दूर करतो : थडगी जमिनीखाली असल्यामुळे आत गारवा असेल असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात शेकडो माणसांच्या श्वासामुळे आतील हवा दमट आणि कोंदट झालेली असते, आणि बाहेरच्या कोरड्या उन्हापेक्षा आतच अधिक घाम येतो. पहाटे जाण्याचे हे दुसरे कारण, कारण पहिल्या तासात आतील हवा त्यातल्या त्यात बरी असते.

हॅटशेपसूतच्या मंदिराबाबत दिशा लक्षात घ्यावी. हे मंदिर पूर्वाभिमुख असून त्याच्या पाठीशी उंच कडा आहे. सकाळी सूर्य थेट समोरून येतो, आणि मग मंदिर, अंगण आणि कडा हे तिन्ही एकदम तापतात. दुपार कलल्यावर मात्र कड्याची सावली मंदिरावर पडू लागते. म्हणून हे स्थळ दरीनंतर लगेच, आठ-साडेआठच्या सुमारास उरकावे, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपारी उशिरा, बंद होण्याच्या वेळेच्या दीड तास आधी पाहावे. मेमनॉनचे पुतळे रस्त्यालगतच आहेत आणि त्यांना दहा मिनिटे पुरतात.

अकरानंतर हॉटेलवर परतावे आणि चारपर्यंत बाहेर पडू नये. लक्सर मंदिर शहराच्या मध्यावर आहे, ते अंधार पडल्यानंतरही खुले असते आणि दिव्यांच्या उजेडात त्याचे कोरीवकाम दिवसापेक्षा अधिक उठून दिसते, कारण तिरप्या प्रकाशात उथळ रेषाही खोल भासतात. कर्नाक दुसऱ्या दिवशी पहाटेसाठी ठेवावे. तेथील खांबांच्या लांब सावल्या सकाळी साडेसहा ते आठ या वेळेतच मिळतात. कर्नाक आणि लक्सर मंदिर यांना जोडणारा स्फिंक्सच्या मूर्तींचा सुमारे पावणेतीन किलोमीटरचा मार्ग नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा खुला झाला आहे. थंडीच्या दिवसांत तो पायी चालण्यासारखा आहे.

थोडक्यात, कंपनीकडे लक्सरसाठी आणखी एक रात्र मागून घ्यावी. त्यासाठी कैरोतील अत्तराच्या आणि पपायरसच्या दुकानांची भेट वगळली तरी आपले काहीही नुकसान होणार नाही. त्या भेटी प्रवाशांपेक्षा मार्गदर्शकांच्या सोयीसाठी असतात.

प्रश्न : माझ्या आईचे वय ७० असून तिच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. पिरॅमिडच्या आत जाण्याची तिची फार इच्छा आहे. तिला तेथे नेता येईल का? तिच्यासाठी कोणती स्थळे सोयीची आहेत?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खुफूच्या मोठ्या पिरॅमिडमध्ये त्यांना नेऊ नये. आतील चढाचा मार्ग जेमतेम सव्वा मीटर उंचीचा आहे, म्हणजे सुमारे ४० मीटर अंतर कमरेत वाकून, २६ अंशांच्या चढावर, लाकडी पट्ट्यांवर पाय रोवत जावे लागते आणि परत येणाऱ्यांना त्याच अरुंद वाटेने उतरावे लागते. पुढे उंच दालन येते, परंतु तेथेही चढ तसाच आहे. एवढे करून राजाच्या दालनात काय दिसते, तर ग्रॅनाइटच्या उघड्या भिंती आणि एक रिकामी शवपेटी. चित्र नाही, अक्षर नाही. तेथे पोहोचल्याचे समाधान मोठे आहे हे मान्य, परंतु बदललेल्या गुडघ्याने ते विकत घेऊ नये.

आईंना चित्रे आणि कोरीवकाम पाहायचे असेल तर त्यांना सक्कारा येथे न्यावे. कैरोपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या या ठिकाणी जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड आहे आणि तो खुफूच्या पिरॅमिडपेक्षाही सुमारे शतकभर जुना आहे. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती आसपासची अधिकाऱ्यांची थडगी. त्यांपैकी मेरेरुका या वजिराचे थडगे जमिनीच्या पातळीवर आहे. त्यात तीसहून अधिक दालने आहेत आणि भिंतींवर मासेमारी, पाणघोड्यांची शिकार, सोनारकाम, करवसुली असे चार हजार वर्षांपूर्वीचे सगळे दैनंदिन जीवन कोरलेले आहे. तेथे पायऱ्या चढण्या-उतरण्याचा त्रास जवळजवळ नाही. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात सक्कारा बहुधा नसते, ते आग्रहाने घालून घ्यावे.

राजांच्या दरीत प्रवेशद्वारापासून थडग्यांपर्यंत विजेवर चालणारी छोटी गाडी मिळते. रामसेस चौथा आणि रामसेस नववा यांच्या थडग्यांचे मार्ग रुंद आणि उतार सौम्य आहेत, त्यामुळे ती दोन निवडावीत. तुतनखामुनचे थडगे लहान आहे आणि तेथे थोड्याच पायऱ्या आहेत. त्याचा सोन्याचा मुखवटा आणि थडग्यातील पाच हजारांहून अधिक वस्तू आता गिझाच्या नव्या संग्रहालयात असल्या, तरी त्याचा मृतदेह अजूनही येथेच ठेवलेला आहे. थुतमोस तिसरा, मेरेनप्ताह आणि सेती पहिला यांच्या थडग्यांकडे आईंना नेऊ नये. पहिल्यात उतरण्यासाठी आधी बाहेरचा उंच जिना चढावा लागतो, आणि उरलेली दोन फार खोल आहेत.

नाईलवरील जहाजाविषयी एक गोष्ट आधी कोणी सांगत नाही. धक्क्यावर जागा अपुरी असल्यामुळे जहाजे एकमेकांना लागून उभी केली जातात आणि आपले जहाज चौथे असेल तर बाहेर पडण्यासाठी तीन जहाजांच्या दिवाणखान्यांतून आणि मधल्या हलत्या फळ्यांवरून जावे लागते. काठावर चढताना कधी कधी पायऱ्याही उंच असतात. आईंबरोबर एक धडधाकट माणूस आणि एक घडीची काठी असेल तर हे निभावते. आरक्षण करताना खालच्या मजल्यावरील खोली मात्र घेऊ नये, कारण भोजनगृह वगळता बहुतेक वावर वरच्या मजल्यांवर असतो आणि प्रत्येक जहाजाला लिफ्ट असतेच असे नाही.

प्रश्न : आम्ही नागपूरकर असल्यामुळे ४५ अंशांचे ऊन आम्हाला नवे नाही. मला रक्तदाब आणि पत्नीला मधुमेह आहे. उन्हाच्या दृष्टीने वेगळी काळजी घ्यावी लागेल का? औषधे नेताना काही अडचण येते का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : उन्हाची सवय असणे निश्चितच उपयोगाचे आहे आणि विदर्भाचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे लक्सरची हवा आपल्याला मुंबईकरांपेक्षा ओळखीची वाटेल. परंतु नागपूरकर मे महिन्यात दुपारी एक वाजता सीताबर्डीवर पायी हिंडत नाही. तो कूलरसमोर बसलेला असतो. सहलीवर गेल्यावर मात्र तोच माणूस पैसे भरले आहेत म्हणून भर दुपारी तीन तास दगडांतून चालतो. उन्हाची सवय आणि उन्हात चालण्याची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसण्यापूर्वीच उडून जातो, त्यामुळे शरीरातून किती पाणी गेले हे कळत नाही आणि तहान उशिरा लागते. म्हणून तहानेची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने पाणी प्यावे. लघवीचा रंग गडद झाला तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. जलसंजीवनीची पाकिटे भारतातूनच न्यावीत आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच ती विरघळवावीत. पत्नीने त्यातील साखरेविषयी आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या असतात. आपली गोळी त्या प्रकारची असेल तर उष्ण प्रदेशात मात्रा तीच ठेवावी की बदलावी, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. पत्नी इन्सुलिन घेत असतील तर ते विमानात हातातील पिशवीत ठेवावे, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठण्याची भीती असते. वापरात असलेले पेन ३० अंशांच्या वर तापू देऊ नये. स्थळ पाहायला उतरताना ते बसमध्ये सोडून जाणे ही नेहमी घडणारी चूक आहे, कारण उन्हात उभी असलेली बस अर्ध्या तासात भट्टी होते. बर्फाला थेट टेकवूनही ठेवू नये. इन्सुलिनसाठी मिळणारी थंड राहणारी थैली पुरेशी असते.

औषधे मूळ वेष्टनातच न्यावीत आणि डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवावी. आपल्याकडे प्रवासाला निघताना निरनिराळ्या गोळ्या कापून एका डबीत भरण्याची पद्धत आहे, ती येथे टाळावी. ट्रामाडोल या वेदनाशामकावर इजिप्तमध्ये अत्यंत कडक निर्बंध आहेत आणि ते जवळ बाळगल्याबद्दल पर्यटकांना तुरुंगवास झालेला आहे. गुडघेदुखीसाठी किंवा शस्त्रक्रियेनंतर लिहून दिलेल्या संयुक्त गोळ्यांतही ते असू शकते, म्हणून वेष्टनावरील घटक वाचून घ्यावेत. कोडीन असलेल्या औषधांबाबतही हीच सावधगिरी बाळगावी.

कोणी बरळू लागले, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या किंवा अंग तापून शुद्ध हरपू लागली तर तो थकवा नव्हे, उष्माघात आहे असे धरून चालावे. त्या व्यक्तीला सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी मारून वारा घालावा आणि १२३ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पर्यटक पोलिसांचा क्रमांक १२६ आहे.

आणखी एक सूचना. नदी दिसली की तिच्यात पाय बुडवून चार थेंब डोक्याला लावणे हा आपल्याकडचा भक्तिभाव आहे. नाईलच्या काठच्या संथ पाण्यात मात्र त्वचेतून शरीरात शिरणाऱ्या बिल्हार्झिया या परजीवी कृमींचा धोका असतो. तेथे नमस्कार लांबूनच करावा.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. कांदा-लसूण आम्ही प्रवासात चालवून घेतो, परंतु मांसाचा रस्सा किंवा अंडे चालत नाही. इजिप्तमध्ये आमची सोय होईल का, की सगळे खाणे बरोबर न्यावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कांदा-लसूण चालत असेल तर आपली उत्तम सोय होईल. तांदूळ, मसूर, मॅकरोनी आणि छोले एकत्र करून त्यावर टोमॅटोचा आंबट-तिखट रस आणि कुरकुरीत तळलेला कांदा घातलेली ‘कोशरी’ हे तेथील सर्वसामान्य माणसाचे पोटभरीचे खाणे आहे आणि ते पूर्ण शाकाहारी असते. त्यासाठी हॉटेलचे भोजनगृह सोडून केवळ कोशरीच विकणाऱ्या दुकानात जावे. सकाळी ‘फुल’ म्हणजे रात्रभर मंद आचेवर शिजवलेल्या बाकला शेंगांच्या दाण्यांची उसळ आणि त्याच दाण्यांची तळलेली ‘तामेया’ मिळते. सोबत कोंड्याची भाजलेली भाकरी, तिळाची ताहिनी आणि लोणची असतात. अस्वानला लाल अंबाडीच्या फुलांचे ‘करकदे’ सरबत प्यावे, मात्र त्यातील बर्फ नको म्हणून सांगावे.

धोका आहे तो दिसायला शाकाहारी असलेल्या पदार्थांत. ‘मुलुखिया’ ही हिरव्या पाल्याची भाजी आणि ‘महशी’ म्हणजे भात भरलेल्या भाज्या अनेकदा कोंबडीच्या किंवा मटणाच्या पाण्यात शिजवतात. मसुराच्या सूपचेही तसेच. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण वाढणाऱ्याच्या दृष्टीने ताटात तुकडा नसला की ते मांस नसते. त्याऐवजी ‘अक्ल सियामी’ हवे असे सांगावे. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती लोक वर्षातील दोनशेहून अधिक दिवस उपवास पाळतात आणि त्या दिवसांत मांस, अंडी, दूध, तूप असे काहीही खात नाहीत. उपवासाच्या त्या जेवणाला सियामी म्हणतात, ते देशभर सगळ्यांना माहीत असते आणि बेकरीतही सियामी बिस्किटे मिळतात. काही उपवासांत मासे चालतात, म्हणून ‘मासेही नकोत’ एवढे मात्र वेगळे सांगावे लागते.

बरोबर न्यायचेच असेल तर पहाटेच्या बांधून मिळणाऱ्या न्याहारीला पर्याय म्हणून खाकरा, मेथीचे ठेपले आणि चिवडा न्यावा. त्या खोक्यात उकडलेले अंडे हमखास असते.

प्रश्न : आम्ही दोघी बहिणी स्वतःच्या स्वतः कैरो आणि लक्सर पाहणार आहोत. कपडे, टॅक्सी आणि मागे लागणारे विक्रेते यांविषयी मार्गदर्शन करावे.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : खांदे आणि गुडघे झाकणारे सैल सुती कपडे उन्हासाठीही योग्य आहेत आणि रीतीसाठीही. साधा सलवार-कमीज सर्वांत सोयीचा. मशिदीत जाताना डोके झाकण्यासाठी ओढणी उपयोगी पडते आणि एरवी तीच धुळीसाठी नाकावर घेता येते. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी मशिदी पर्यटकांसाठी बंद असतात. त्या दिवशी मशिदींचा कार्यक्रम ठेवू नये.

कैरोत मोबाइलवरून बोलावलेली उबर किंवा करीम टॅक्सी घ्यावी, म्हणजे भाड्याची घासाघीस होत नाही. मेट्रोत मधले काही डबे केवळ स्त्रियांसाठी असतात. गिझाच्या पठारावर आता विजेवर चालणाऱ्या बस आहेत, त्यामुळे उंट किंवा घोडागाडी घेण्याची सक्ती नाही. ‘पुढचा रस्ता बंद आहे’, ‘तिकीट मला दाखवा’ असे म्हणत कोणी गणवेशाविना जवळ आले तर तिकीट हातात देऊ नये आणि थांबूही नये. ‘ला, शुक्रन’ म्हणजे ‘नको, धन्यवाद’ असे एकदाच, स्पष्टपणे, नजर न मिळवता म्हणावे. आपण भारतीय आहोत हे कळल्यावर अमिताभ बच्चन यांचे नाव घेऊन गप्पा सुरू होतात. त्यातील पुष्कळ जिव्हाळा खरा असतो, परंतु गप्पांचा शेवट काकांच्या दुकानात होऊ लागला की निरोप घ्यावा.

बक्षिसाची रीत सर्वत्र आहे. स्वच्छतागृह, सामान उचलणारा, नावाडी यांच्यासाठी दहा-वीस पौंडांच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवाव्यात. थडग्यातील रखवालदार दोरीपलीकडचे काही दाखवू लागला तर नकार द्यावा, कारण तेथे जाण्यास मनाई असते आणि त्या मोबदल्यात पैशाची अपेक्षाही असते. मोबाइलने छायाचित्रे काढण्यास बहुतेक ठिकाणी परवानगी आहे, परंतु फ्लॅश चालत नाही. लष्करी आणि सरकारी इमारतींची छायाचित्रे काढू नयेत. ड्रोन तर घरीच ठेवावा, कारण परवान्याविना तो देशात आणणेच बेकायदा आहे.

प्रश्न : अबू सिंबेलसाठी पहाटे चारला निघून जाऊन-येऊन साडेपाचशे किलोमीटरचा प्रवास करणे सार्थकी लागते का? २२ फेब्रुवारीला तेथे जावे असे सुचवले जाते, ते कशासाठी?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सार्थकी लागते. अस्वानपासून अबू सिंबेल सुमारे २८० किलोमीटर आहे आणि रस्ता सरळ वाळवंटातून जातो. अस्वानच्या मोठ्या धरणाच्या पाण्याखाली जाऊ घातलेली रामसेस दुसरा आणि राणी नेफरतारी यांची ही दोन मंदिरे युनेस्कोच्या पुढाकाराने १९६४ ते १९६८ या काळात मोठमोठ्या तुकड्यांत कापून सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा उभारण्यात आली. धरणाच्या विस्थापनाविषयी महाराष्ट्रात जे वाद झाले आणि होत आहेत ते ठाऊक असलेल्या माणसाला येथे एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही : याच जलाशयाखाली गावे गेलेल्या हजारो नुबियन कुटुंबांच्या स्थलांतराला असे लक्ष मिळाले का? अस्वानमधील नुबिया संग्रहालय त्यासाठी आवर्जून पाहावे. ते सायंकाळसाठी उत्तम आहे.

२२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर या दोन दिवशी उगवत्या सूर्याची किरणे मंदिराच्या अगदी आतल्या गाभाऱ्यातील मूर्तींवर पडतात. कोल्हापूरच्या किरणोत्सवाप्रमाणे येथेही त्या काही मिनिटांसाठी रात्रीपासून रांगा लागतात. हा सोहळाच पाहायचा असेल तर अबू सिंबेल गावात आदल्या रात्री मुक्काम हवा आणि खोली बरीच आधी ठरवायला हवी. मंदिर निवांत पाहायचे असेल तर नेमके हे दोन दिवस टाळावेत. मुक्कामाचा फायदा मात्र एरवीही आहे : अस्वानहून आलेल्या गाड्या परतल्या की दुपारनंतर तेथे मोजकीच माणसे उरतात.

प्रश्न : पैसे, तिकिटे, व्हिसा आणि विजेचे प्लग याविषयी थोडक्यात सांगावे.
– एक वाचक, लातूर

उत्तर : बहुतेक मोठ्या स्थळांवर तिकीट रोखीने मिळत नाही, कार्डच लागते. म्हणून व्हिसा किंवा मास्टरकार्डची दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे न्यावीत आणि निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमधून त्यांवरील आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्यावेत, कारण भारतीय कार्डांवर ते आपोआप सुरू नसतात. यूपीआयवर विसंबू नये. वरखर्चासाठी डॉलर नेऊन ते तेथील बँकेत थोडेथोडे बदलून घ्यावेत. गिझाच्या नव्या संग्रहालयाचे तिकीट तारीख आणि वेळ निवडून संकेतस्थळावरच आधी काढावे. मुले महाविद्यालयात असतील तर त्यांची विद्यार्थी ओळखपत्रे बरोबर ठेवावीत. बहुतेक पुरातन स्थळांवर विद्यार्थ्यांना निम्म्या दरात प्रवेश मिळतो. भारतीय पारपत्रधारकांसाठी व्हिसाचे नियम वेळोवेळी बदलतात, त्यामुळे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी इजिप्तच्या मुंबईतील वाणिज्य दूतावासाकडून चालू नियम विचारून घ्यावेत. पारपत्राची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक असावी. वीज २२० व्होल्टचीच आहे. आपले बारीक दोन पिनांचे चार्जर तेथे बसतात, तीन पिनांच्या प्लगसाठी ॲडॉप्टर लागेल. हिवाळ्यात भारतीय वेळ इजिप्तच्या साडेतीन तास पुढे असते, तर एप्रिलअखेर ते ऑक्टोबरअखेर अडीच तास.